घरच्या बागेत आगगाडी : सुरुवात कुठून करायची?

‘बागेत छोटी आगगाडी करायची आहे, इंजिन कोणतं घेऊ?’ हा प्रश्न वाचकांकडून वरचेवर येतो आणि त्याच्यामागे बाकीच्यांची रांग असते. दोन्ही गाड्यांवर ‘जी स्केल’ लिहिलेलं असूनही एक दुसरीपेक्षा एवढी मोठी कशी? पावसात रूळ टिकतील का? गच्चीवर चालेल का? सोसायटीला विचारावं लागेल का? भाऊ जर्मनीहून येतोय, त्याच्या बॅगेतून मागवलं तर कस्टम भरावं लागेल का?

एक गोष्ट आधीच सांगते. इंजिन ही शेवटी घ्यायची वस्तू आहे. जागा, पाया, रूळ, वीज आणि मग गाडी, या क्रमाने गेलात तर पैसेही वाचतात आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर सगळं माळ्यावर जात नाही. बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी महागडं इंजिन येतं, ते चार दिवस दिवाणखान्यात फिरतं आणि मग बागेत पाया घालायला ना पैसे उरतात ना उत्साह.

आधी घरच्यांशी बोला

ही गाडी एकट्याची असेल तर लवकर बंद पडते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन सगळ्यांनी एकदा बसा आणि प्रत्येकाला काय हवंय ते विचारा. लहान मुलांना गाडी हाताने भरायची-उतरवायची असते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांधे बदलून डबे इकडून तिकडे न्यायला आवडतं. कुणाला झाडं लावायची असतात, कुणाला स्टेशनाची पाटी रंगवायची असते. आजी-आजोबांना वाकायला जमत नाही, त्यामुळे रूळ किती उंचीवर असावेत याचा निर्णय त्यांच्याकडे बघून घ्यायचा.

वर्तुळात फिरणारी गाडी बघत बसणं मुलांना फार वेळ पुरत नाही, त्यामुळे नकाशात काम हवं. स्वयंपाकघराच्या दारापासून बागेतल्या बाकापर्यंत शेंगदाणे पोचवायचे, रिकामी वाघीण परत आणायची, वाटेत एका सायडिंगला थांबून दुसऱ्या गाडीला जाऊ द्यायचं. एवढं काम असलं तरी मुलं तासभर हलत नाहीत.

‘जी स्केल’चा घोळ

बागेतल्या बहुतेक गाड्या ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावतात. जर्मनीतल्या लेमान कंपनीने १९६८ साली ‘एलजीबी’ या नावाने अशा गाड्या बाजारात आणल्या, तेव्हापासून घरगुती बागेत हीच रुंदी रुळली. त्यांचं मूळ प्रमाण १:२२.५. खरा मीटर गेज मार्ग साडेबावीस पटींनी लहान केला की सुमारे साडेचव्वेचाळीस मिलिमीटर होतो. अकोला-खंडवा मार्गावरची जुनी मीटर गेज गाडी ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना हे प्रमाण ओळखीचं वाटेल.

घोळ पुढे होतो. रुळांची रुंदी तीच ठेवून वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या प्रमाणात गाड्या काढतात:

- १:२२.५ : युरोपातल्या मीटर गेज गाड्या, उदाहरणार्थ स्वित्झर्लंडची ऱ्हेटियन रेल्वे
- १:२०.३ : अमेरिकेतल्या तीन फुटी नॅरो गेज गाड्या
- १:२९ : अमेरिकी मोठ्या गाड्या
- १:३२ : युरोपातल्या स्टँडर्ड गेज गाड्या

या सगळ्या तुमच्या रुळांवर धावतील, पण शेजारी-शेजारी शोभणार नाहीत. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस १:२२.५ मध्ये साडेसात सेंटिमीटरचा होतो आणि १:३२ मध्ये जेमतेम सव्वापाच. त्यामुळे पहिली गाडी घेतानाच तिचं प्रमाण वहीत लिहून ठेवा आणि पुढची प्रत्येक बाहुली, घर, डबा त्याच मापाचा घ्या. कपलिंगचंही तसंच आहे. कंपनी बदलली की हुक बदलतो आणि डबे जोडले जात नाहीत.

दुसरा पर्याय ३२ मिलिमीटर रुळांचा. ब्रिटनमध्ये ‘सोळा मिलिमीटर स्केल’ म्हणजे १:१९ हे प्रमाण चालतं आणि त्यात दोन फुटी गेज नेमका ३२ मिलिमीटर येतो. आपली नेरळ-माथेरान आणि दार्जिलिंगची गाडी, दोन्ही दोन फुटीच. तुम्हाला माथेरानच करायचं असेल तर हे प्रमाण बरोबर आहे, पण भारतात त्याचे डबे तयार मिळत नाहीत. लाकूड, प्लास्टिक शीट आणि बाहेरून मागवलेली चाकं यांवर घरीच ते बांधावे लागतात. हाताला सुतारकामाची सवय असेल तरच या वाटेला जा. नवशिक्या कुटुंबाने ४५ मिलिमीटरच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाणखान्यातल्या टेबलावर चालणाऱ्या साडेसोळा मिलिमीटर रुळांच्या गाड्या बागेत आणू नका. एक वाळलेलं पान किंवा एक खडा त्यांना घसरवायला पुरतो. त्या कशा असतात ते पाहायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय मुलांसह बघून या. ते घराच्या आतलं, छपराखालचं काम आहे, बागेतलं नाही. पण सिग्नल, सांधे, वेळापत्रक यांचं नातं तिथे एका दुपारात समजतं.

जागा मोजा, मग वळण ठरवा

दुकानातल्या सुरुवातीच्या संचात मिळणारं वळण ६० सेंटिमीटर त्रिज्येचं असतं आणि असे बारा तुकडे जोडले की वर्तुळ पूर्ण होतं. जागा कमी लागते म्हणून ते मोहात पाडतं. पण त्यावर फक्त आखूड इंजिनं आणि डबे नीट चालतात. लांब डबे बाहेर फेकल्यासारखे दिसतात आणि चाकंही झिजतात. कायमच्या मार्गासाठी किमान एक मीटर त्रिज्या धरा, सव्वा मीटर जमली तर उत्तम.

हिशेब कसा करायचा ते पाहा. समजा, तुमच्याकडे चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद मोकळी जागा आहे. कडेला वीस-वीस सेंटिमीटर सोडले आणि एक मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं टाकली तर मध्ये दोन्ही बाजूंना सुमारे १.६ मीटर सरळ रूळ बसतो. एकूण लांबी साडेनऊ मीटरच्या आसपास. ताशी २० किलोमीटरने जाणारी डोंगरी गाडी १:२२.५ मध्ये सेकंदाला पाव मीटर जाते, म्हणजे एका फेरीला चाळीसेक सेकंद. एका सायडिंगसह सुरुवातीला एवढं भरपूर आहे.

नेरळ ते माथेरान सगळा मार्ग करू, हा विचार सोडा. खरा एक किलोमीटर १:२२.५ मध्ये ४४ मीटर होतो. त्याऐवजी एकच प्रसंग निवडा. जुम्मापट्टी स्टेशन, त्याच्यापुढचं वळण आणि एक पूल, एवढ्यातच माथेरान ओळखू येतं.

चढाबद्दलही हेच. माथेरानच्या घाटात विसाला एक असा चढ आहे, पण तो बागेत उतरवू नका. चार डबे ओढणाऱ्या छोट्या इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागतात. मीटरला दोन सेंटिमीटर, म्हणजे पन्नासाला एक, ही मर्यादा ठेवा. एका रुळावरून दुसरा पुलाने न्यायचा तर सुमारे २२ सेंटिमीटर उंची लागते. मग चढायला अकरा मीटर हवेत आणि उतरायलाही अकरा. ही जागा नसेल तर पुलाचा हट्ट न धरता सगळं सपाटीवर ठेवा.

नकाशा कागदावर ठरला की लगेच खणू नका. बागेला पाणी घालायचा पाईप जमिनीवर हव्या त्या आकारात टाका आणि आठवडाभर तसाच राहू द्या. कपडे वाळत घालायची वाट अडते का, स्कूटर वळते का, संध्याकाळी कुठे ऊन येतं, हे घरातल्यांच्या वावरण्यातूनच कळतं.

दिवाळीचा किल्ला : बिनखर्चाची चाचणी

आपल्याकडे एक सोय आयती आहे. दिवाळीत मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव-मोहरी पेरतात, मावळे मांडतात. पहिल्या वर्षी या किल्ल्याभोवतीच सुरुवातीच्या संचाचं वर्तुळ टाका. विटांवर फळी, फळीवर रूळ. पंधरा दिवसांत सगळं समजतं. मुलांचा उत्साह टिकतो का, धूळ किती बसते, मांजर काय करते, शेजारच्यांना आवाज होतो का. रूळ उखडायचे नसल्याने नुकसानही काही नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर कायमचं बांधकाम न करता दरवर्षी असंच करावं, किंवा फळ्यांवर रूळ बसवून ते सुटे तुकडे उन्हाळ्यात अंगणात जोडावेत.

पाया : पैसे इथे घाला

या कामात जी काही निराशा येते त्यातली बहुतेक जमिनीतून येते. युरोपातल्या पुस्तकांत सांगितलेला पाया आपल्या मातीत जसाच्या तसा चालत नाही.

*काळी माती.* विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट रूळ टाकले तर जूनमध्ये सरळ असलेला मार्ग मार्चमध्ये लाटांसारखा होतो. तिच्यावर सिमेंटचा पातळ पट्टा ओतला तर तोही तडकतो. उपाय जुनाच आहे. पंचवीस-तीस सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल चर खणा, काळी माती उचलून टाका, मुरूम दहा-दहा सेंटिमीटरच्या थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुमसाने ठोका. वर पाच ते आठ सेंटिमीटर बारीक खडी किंवा कच. रूळ या खडीत नुसते बसवायचे, कशालाही घट्ट बांधायचे नाहीत.

*जांभा.* कोकणात आणि गोव्यात चिऱ्यांची एक ओळ हाच उत्तम पाया. पाणी निथळतं आणि चिरा जागचा हलत नाही. फक्त पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, ते ऑक्टोबरमध्ये ताठ ब्रशने काढावं लागतं. पाण्याचा लोट कुठून येतो ते आधी एका पावसात बघून ठेवा आणि तिथे मोरी सोडा.

*उंचावलेला मार्ग.* मला विचाराल तर शक्य त्या प्रत्येक घराने हाच करावा. विटांचे किंवा सिमेंट ब्लॉकचे छोटे खांब साठ-साठ सेंटिमीटरवर उभे करा आणि त्यांवर कडप्पा किंवा शहाबादी फरशीच्या वीस सेंटिमीटर रुंद पट्ट्या टाका. उंची साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर. आजोबा खुर्चीवर बसून गाडी सोडू शकतात, मुलाच्या डोळ्यांसमोर गाडी येते, हरळी आणि लव्हाळा रुळांत शिरत नाहीत, कुणाचा पाय पडत नाही. फरशीवाल्याकडे तुकड्यांत पडलेल्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. खांबांची पातळी गवंड्याकडच्या पाण्याच्या नळीने घ्या, नुसत्या नजरेवर जाऊ नका. फरशीवर मुलांनी चढायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाला.

*गच्ची.* इथे सर्वांत जास्त चुका होतात. ये-जा होणाऱ्या सपाट छतासाठी भारतीय मानकात साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर इतका वापराचा भार धरलेला असतो. ओल्या मातीचा पंधरा सेंटिमीटरचा थरच सुमारे २५० किलो भरतो. म्हणजे गच्चीवर मातीची बाग करून तीत रूळ टाकणं हा स्थापत्य अभियंत्याला विचारूनच करायचा उद्योग आहे. विचारायचं नसेल तर हलके लोखंडी स्टँड, वर फळी आणि मोजक्या कुंड्या. वॉटरप्रूफिंगमध्ये एकही खिळा ठोकू नका. पाणी जायच्या जाळीवर खडी जाऊ देऊ नका.

रुळांबद्दल एवढंच. पितळी रूळ पावसात वर्षानुवर्षं टिकतात, पण उन्हात वाढतात. पन्नास अंशांच्या फरकाने १.२ मीटरचा पितळी रूळ एक मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो. थंडीच्या सकाळी रूळ टाकत असाल तर प्रत्येक सांध्याशी एवढी फट सोडा. नाहीतर मे महिन्याच्या दुपारी सगळा मार्ग बाजूला फुगलेला दिसेल. सांधेबदलाचे तुकडे सुरुवातीला दोनच घ्या. गाडी घसरते ती बहुतेक तिथेच.

वीज, बॅटरी की वाफ?

*रुळांतून वीज.* ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे सुमारे २० ते २४ व्होल्ट डीसी करतो आणि रुळांतून इंजिनाला वीज मिळते. हा तयार संचातला नेहमीचा प्रकार. गाडी हवा तेवढा वेळ चालते, पण रूळ रोज पुसावे लागतात. आपल्याकडची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक यांनी वीज अडते. पुसायला बारीक नायलॉनची घासणी वापरा. लोखंडी तारेची घासणी नको, तिचे तुकडे मोटरच्या चुंबकाला चिकटतात. आणि मार्ग स्वतःवरच वळून उलट येईल असं फुग्याच्या आकाराचं वळण करू नका, शॉर्ट सर्किट होतं.

*बॅटरी आणि रिमोट.* इंजिनात किंवा मागच्या डब्यात बॅटरी, हातात रिमोट. रूळ स्वच्छ नसले तरी चालतं, ॲल्युमिनियमचे स्वस्त रूळही चालतात, वीज गेली तरी खेळ थांबत नाही आणि बागेत तारा टाकाव्या लागत नाहीत. चार्जिंगची शिस्त मात्र लागते.

*खरी वाफ.* ब्युटेन गॅस किंवा स्पिरिटवर चालणारी छोटी बाष्पइंजिनं मिळतात. त्यांचा वास आणि आवाज वेगळाच असतो, हे मान्य. पण बॉयलर तापलेला असतो, गॅस भरताना जवळ ज्योत चालत नाही, पाणी शुद्ध म्हणजे डिस्टिल्ड लागतं आणि सपाट मार्ग लागतो. हे मोठ्यांचं काम आहे. लहान मुलं असलेल्या घराने पहिली काही वर्षं या वाटेला जाऊ नये.

आपल्या हवेत आणि कुटुंबासाठी मी बॅटरीच सुचवीन. रुळांतून विजेचा तयार संच आधीच घेतला असेल तर तो वापरा, नंतर त्याच इंजिनात बॅटरी बसवून घेता येते.

विजेबाबत काही गोष्टींत तडजोड नको:

- ट्रान्सफॉर्मर घराच्या आत किंवा पूर्ण कोरड्या जागीच हवा. बागेत फक्त कमी व्होल्टची तार जावी.
- त्या प्लगच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे याची खात्री करा. नसेल तर परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या.
- लिथियम बॅटरी संरक्षण सर्किट असलेलीच घ्या. चार्जिंग फरशीवर, कुणीतरी जागं असताना. उन्हात तापलेलं इंजिन सरळ चार्जिंगला लावू नका.
- बटण सेल आणि सुटे हुक तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागता कामा नयेत. बटण सेल गिळला गेला असा संशय आला तरी लगेच रुग्णालय गाठा.

झाडं, बोगदे आणि न बोलावलेले पाहुणे

लहान पानांची झाडं गाडीशेजारी मोठ्या वृक्षांसारखी दिसतात. जेड, कामिनी, कुफिया, छाटलेली मेंदी, कुंडीतला बोन्साय फायकस, जमिनीलगत ऑफिस टाईम. जेड पाण्याशिवायही तग धरतो, म्हणून सुट्टीत गावी जाणाऱ्यांना सोयीचा. कण्हेर आणि चीक असलेले निवडुंग मुलांच्या हाताशी नकोत. शेजारी पिंपळ किंवा औदुंबर असेल तर त्याच्या मुळांपासून लांब राहा.

बोगदा सगळ्यांनाच हवा असतो. तो करा, पण दोन्ही तोंडांतून हात घालून मध्यापर्यंत पोचता येईल एवढाच लांब. त्याचं छप्पर उचलता येणारं हवं आणि खेळ संपला की दोन्ही तोंडांना जाळी हवी. बंद, थंड, अंधारी पोकळी विंचवाला आणि सापाला आवडते. कोकणात तर फुरशाचा विचार करावाच लागतो. बोगद्यात अडकलेला डबा कधीही न बघता हाताने ओढायचा नाही. आधी छप्पर उचला, टॉर्च मारा, काठीने ओढा. मुलांना हे पाठ करायला लावा. पावसाळ्यानंतर जमिनीवरचा मार्ग पहिल्यांदा साफ करताना मोठ्यांनीच आणि बूट घालून करा.

तळं केलंत तर त्यात गप्पी मासे सोडा किंवा आठवड्यातून एकदा ते पूर्ण कोरडं करा. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतात, आणि पालिकेचं पथक तपासणीला आलं तर दंडही होऊ शकतो. घरं आणि स्टेशनं रात्री आत घ्या. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतली घरं, फळं, बाहुल्या गाडीशेजारी फार देखण्या दिसतात, पण त्यांचा रंग पावसात टिकत नाही.

परवानगीचं काय?

स्वतःच्या बंगल्याच्या आवारात मालकी स्पष्ट असेल तर सहसा प्रश्न येत नाही. बाकी ठिकाणी:

- सोसायटीचं आवार आणि गच्ची सर्व सभासदांची सामाईक जागा असते. सचिवांचा तोंडी होकार पुरेसा समजू नका. लेखी अर्ज द्या, सभेत ठराव करून घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. मार्ग सुटा, उचलता येणारा आणि सगळ्या मुलांना खुला असेल असं अर्जात लिहिलंत तर होकार मिळणं सोपं जातं.
- आग लागल्यास बाहेर पडायची वाट, टाकीकडे जायची वाट, लिफ्टच्या खोलीचं दार यांपैकी काहीही अडता कामा नये.
- भाडेकरूंनी खणण्याआधी मालकाची लेखी संमती घ्यावी. करारात अनामत रकमेतून दुरुस्ती कापण्याचं कलम असतं, ते आधी वाचा.
- शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून माती किंवा खडी चढवू नका. ओल गेली की तक्रार त्यांची बरोबर असते.

खरेदी, कस्टम आणि तुमचे हक्क

४५ मिलिमीटरचे चांगले संच भारतात थोड्याच दुकानांत मिळतात, बहुतेकांना ते बाहेरून आणावे लागतात. इथेच अंदाज चुकतो. खेळणी आणि चालत्या-न चालत्या लघुप्रतिकृती या एकाच जकात शीर्षकाखाली येतात. या गटावरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर बाकीचे कर वेगळे, आणि हिशेबात वाहतुकीचा खर्चही धरला जातो. मागवण्याआधी कुरियर कंपनीकडून चालू दराचा लेखी अंदाज घ्या. विक्रेता ‘भेटवस्तू’ लिहून किंवा किंमत कमी दाखवून पाठवतो म्हणाला तर स्पष्ट नको म्हणा. पार्सल अडकलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

दुसरी अट गुणवत्तेची. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बऱ्याच परदेशी मॉडेल रेल्वेंवर त्या मोठ्यांच्या संग्रहासाठी आहेत असं छापलेलं असतं. पार्सल येण्याआधी ते खोक्याच्या फोटोत तपासा. भारतातल्या दुकानातून लहान मुलांसाठी स्वस्त गाडी घेत असाल तर चिन्ह पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

नातेवाइकाच्या बॅगेतून आणताना मूळ बिल सोबत हवं आणि शुल्कमुक्त मर्यादा प्रवासाआधी पाहून घ्यावी. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, चेक-इनमध्ये नाही. गॅसचा डबा विमानात नेताच येत नाही.

वापरलेली गाडी घेताना एवढं बघा:

- इंजिन उलटं धरून चाकं चालवून घ्या. टकटक आवाज येत असेल तर आतलं प्लास्टिकचं दंतचक्र तडकलेलं असू शकतं.
- बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरी बुरशी म्हणजे गळती.
- रुळांच्या जोडपट्ट्या सैल किंवा गंजलेल्या असतील तर त्या नव्या घ्याव्या लागतील, किमतीत तेवढी सूट मागा.

भारतातल्या विक्रेत्याने सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल दिला तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही, ही तरतूद २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा, जीएसटी बिल मागा, तक्रार लेखी करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवलंत तर हा हक्क वापरणं फार अवघड जातं, म्हणून तिथे पैसे परत मिळण्याची सोय असलेल्या मार्गानेच पैसे भरा.

ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सगळं सोपं आहे. ब्रिटनमध्ये जी स्केल सोसायटी आणि सोळा मिलिमीटर नॅरो गेजवाल्यांची संघटना आहे. सभासदांच्या बागा बघायला मिळतात आणि वापरलेल्या गाड्या विश्वासाने घेता येतात. बीकन्सफील्डचं बेकनस्कॉट हे १९२९ पासूनचं लघुगाव मुलांना एकदा नक्की दाखवा. बाग आणि रेल्वे एकमेकांत कशी मुरवायची ते तिथे समोर दिसतं.

गाडी सारखी घसरते तेव्हा

इंजिनाला दोष देण्याआधी एक जड डबा हाताने सावकाश मार्गावरून ढकला. जिथे तो अडखळतो तिथे बोट ठेवा. बहुधा एक रूळ दुसऱ्यापेक्षा खाली असतो, किंवा जोडपट्टीत रूळ नीट बसलेला नसतो, किंवा सांध्याच्या पात्यात खडा अडकलेला असतो. डावं वळण संपता-संपता लगेच उजवं येत असेल तर मध्ये सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा घाला. यावर नव्वद टक्के वेळा दुसरं औषध लागत नाही.

कामाचं वेळापत्रक

आपल्याकडे बागेतल्या गाडीचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा धरा. पावसाळ्यात पाणी कुठे साठतं, कुठून वाहतं ते बघून खुणा करा. दसऱ्यानंतर चर खणा किंवा खांब उभे करा. दिवाळीत तात्पुरते रूळ टाकून चाचणी. जानेवारीपर्यंत पायाला बसू द्या आणि मगच कायमचे रूळ. एप्रिल-मेमध्ये गाडी सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चालवा, दुपारच्या उन्हात प्लास्टिकचे डबे वाकतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या गाड्या पुसून, बॅटऱ्या काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यांत बंद करा. पितळी रूळ बाहेरच राहू द्या.

पहिल्या वर्षी एक वर्तुळ, एक सायडिंग, एक इंजिन, तीन डबे यापुढे जाऊ नका. आणि या महिन्यात काही विकत घ्यायचंच असेल तर इंजिन न घेता मुरूम आणि फरशीच्या पट्ट्या घ्या.